उडदाचा सातवा दिवस

आज नळाची पाळी नाही, म्हणून वेळ आहे.
गॅसवर चहा, मांडीवर बाबांचं शास्त्र,
पुठ्ठ्याला चिकटपट्टी, कोपरे हाताळून मऊ झालेले,
आणि टिंक्चरचा वास, अजून.
बाबा जालन्याच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते.
मोजून द्यायची सवय. गोळ्या, आणि शब्दही.

उत्पत्ती मी दर जानेवारीत सुरू करते
आणि दर वेळी एकाच जागी अडते.
पहिला दिवस सोपा आहे. उजेड.
तिसरा तर माझ्या नोकरीचाच,
आपापल्या जातीचं बी देणारी झाडं.
मी बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे.
ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडते,
उगवले किती, मेले किती, लिहिते.

नोहापाशी हसू येतं.
चाळीस दिवस पाऊस! देवबापा,
एकदा आमच्या घाणेवाडीच्या तलावावरून जा की.

हागारेपाशी हसू जातं.
पखालीतलं पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली टाकते
आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते,
मरताना बघायला नको म्हणून.
आई अशीच बसली होती
वॉर्डाबाहेरच्या बाकावर, दाराकडे पाठ करून.
तिला विहीर दिसली नाही.

मग बाविसावा अध्याय.
डोंगर, लाकडं, सुरी,
आणि पोरगं विचारतं, कोकरू कुठंय?
समासात बाबांनी काही लिहिलं नाही.
पेन्सिलीनं नुसती तारीख.
चौदा ऑगस्ट, एकोणनव्वद.
माझा धाकटा, एनोस. सात वर्षांचा. मेंदूज्वर.
झुडपात शिंगं अडकलेला एडका
आमच्यासाठी कुणी ठेवला नव्हता.

पाळकसाहेब म्हणाले, देवाची योजना.
बाबांनी त्यांना चहा दिला, बशीत बिस्किटंही.
त्या वर्षी घरात शास्त्र उघडलं नाही.
मी आजवर तो अध्याय ओलांडत आले,
पालीखालून जावं तशी,
मान खाली, भरभर.

आजही ओलांडला. पुढं वाचत गेले.
याकोबाचं लंगडणं.
योसेफाला टाकला ती कोरडी विहीर,
जी आम्हा मराठवाड्याच्या लोकांना
वेगळी समजावून सांगावी लागत नाही.
भाऊ वर बसून जेवतात.

आणि अगदी शेवटी, पन्नासाव्यात,
योसेफ त्याच भावांना रडत रडत जे बोलतो
त्याच्याखाली रेघ. निळी शाई, हात थरथरलेला.
पुन्हा एक तारीख, दोन हजार सहाची.
बाबा रिटायर झाले ते साल.
म्हणजे बाविसाव्यावरून पन्नासाव्यावर यायला
या माणसाला सतरा वर्षं लागली,
आणि एवढ्या हिशेबाबद्दल
तो घरात कुणाशी चकार शब्द बोलला नाही.

लॅबमध्ये आज उडदाचा सातवा दिवस. शेवटची मोजणी.
इतके दिवस ओलीत राहूनही
काही दाणे आहेत तसेच असतात.
फुगत नाहीत, कुजत नाहीत,
काळे, टणक, नखानं दाबले तर निसटणारे.
रजिस्टरात त्यांना वेगळा रकाना आहे.
मेलेल्यांत धरायचे नाहीत, असा नियम.
'कठीण' लिहायचं.

देवा, मी तुला माफ केलं असं म्हणत नाही.
तू मागितलेलीही नाहीस.
तुझा हेतू मला अजून दिसत नाही,
बाबांना काय दिसलं तेही माहीत नाही,
फक्त त्यांची रेघ दिसते.
तेवढ्यावर आज मी पानं मागे उलटली
आणि बाविसावा अध्याय मोठ्यानं वाचायला घेतला.

आतून आई म्हणाली, कोण बोलतंय गं?
कुणी नाही, वाचतेय.
ती येऊन चौकटीत उभी राहिली,
या वेळी तोंड माझ्याकडे.
चहा उतू गेला. तिनं गॅसकडे पाहिलं,
पण हलली नाही.